‘वेल्श’ म्हणजे ‘परका’? : एका पुनर्रचित विशेषणाच्या अर्थाची तपासणी

‘वेल्स’ म्हणजे ‘परक्यांचा मुलूख’ आणि ‘वेल्श’ म्हणजे ‘परका’, ही माहिती इंग्रजी भाषेच्या इतिहासावरील लोकप्रिय पुस्तकांतून कित्येक दशके दिली जात आहे. पाचव्या शतकापासून समुद्रापलीकडून आलेल्या अँग्लो-सॅक्सन टोळ्यांनी ब्रिटनच्या जुन्या रहिवाशांना त्यांच्याच भूमीत परके ठरवले, असे तिचे तात्पर्य सांगितले जाते. एकाच वाक्यात अन्याय, उपरोध आणि व्युत्पत्ती अशा तिन्ही गोष्टी हाती लागत असल्यामुळे अध्यापकांनाही ते प्रिय आहे. ते उच्चारले की मागच्या बाकावरचे विद्यार्थीसुद्धा मान वर करतात. या वाक्यातील इतिहास बराचसा खरा आहे. शब्दाचा जो अर्थ त्यात सांगितला जातो तो मात्र पुराव्यावर टिकत नाही. प्रश्न एका शब्दापुरता असता तर तो सोडून देता आला असता. परंतु ज्या शब्दाचा एकही लेखी दाखला नाही त्याला अर्थ कोणत्या आधारावर द्यावा, हा पद्धतीचा प्रश्न यात गुंतलेला आहे, आणि या बाबतीत कोशकारांनी घाई केलेली दिसते.

आधी शब्द पाहू. इंग्रजी ‘वेल्श’च्या मुळाशी ‘वल्हिस्कझ’ हे आदिजर्मानिक विशेषण मानले जाते (शेवटचा ‘झ’ ‘झाड’मधल्यासारखा). आदिजर्मानिक ही इंग्रजी, जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियातील बहुतेक भाषांची समान पूर्वज. तिच्यात लिहिलेला एकही ग्रंथ उपलब्ध नाही. तिचे शब्द वंशज भाषांची तुलना करत, मागे मागे जात सिद्ध केले जातात. आणि ते प्रत्यक्ष लिहिलेले सापडलेले नाहीत हे दाखवण्यासाठी त्यांच्यापुढे तारका काढतात. ऑगस्ट श्लायखर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केलेला हा संकेत आजही पाळला जातो. ‘वल्हिस्कझ’पुढेही अशी तारका आहे असे समजूनच पुढील विवेचन वाचावे.

या शब्दाच्या रूपाबद्दल फारसा वाद नाही. जुन्या इंग्रजीत ‘वेलिश’, जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘वलहिस्क’, जुन्या नॉर्समध्ये मराठी आडनावासारखा दिसणारा ‘वल्स्कर’, आजच्या जर्मनमध्ये ‘वेल्श’, डचमध्ये ‘वाल्स’ हे सारे एकाच शब्दाचे वंशज आहेत. ‘वल्हझ’ हे नाम आणि त्याला लागलेला ‘-इस्क’ हा संबंधदर्शक प्रत्यय, अशी त्याची फोड होते. हाच प्रत्यय ‘इंग्लिश’, ‘डॅनिश’, ‘डॉइच’ या नावांतही आहे. येथे एक बारकावा वर्गात सांगण्याजोगा आहे. इंग्रजीत देशाच्या नावातला पहिला स्वर ‘ए’ या अक्षराने लिहितात, तर लोकांच्या व भाषेच्या नावातला ‘ई’ या अक्षराने. हा लेखनातला लहरीपणा नव्हे. देशाचे नाव ‘वेआलास’ या जुन्या अनेकवचनी नामापासून आले आहे, तर भाषेचे नाव विशेषणापासून. आणि विशेषणातल्या प्रत्ययाच्या ‘इ’ने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढले आहे. ‘फ्रँक’ या नामापासून ‘फ्रेंच’ हे विशेषण झाले ते याच ओढीने.

नामाचा उगम आणखी मागे जातो. रोमन सेनापती जूलिअस सीझरने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या गॉलच्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या खंडात ‘वोल्के’ नावाच्या केल्टिक टोळीचा उल्लेख केला आहे. हिची एक शाखा ऱ्हाईनच्या पूर्वेला, हर्सिनियन अरण्याच्या सुपीक परिसरात वस्ती करून होती, म्हणजे जर्मानिक टोळ्यांची ती शेजारीण. या नावातील ‘वोल्क-’ हे अंग जर्मानिक मुखात गेल्यावर त्याचे काय होईल हे नियमाने सांगता येते. ऱ्हस्व ‘ओ’चा ‘अ’ होतो. आणि याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार ‘क’चा ‘ह’ (आरंभी घशातला ‘ख़’) होतो. ‘वोल्क-’चे ‘वल्ह-’ होते. याचा अर्थ हे नाव ग्रिमच्या नियमातील ध्वनिबदल पूर्ण होण्यापूर्वीच, म्हणजे सीझरच्याही बरेच आधी, जर्मानिक भाषेत शिरले असले पाहिजे. एका शेजारी टोळीचे नाव पुढे त्या टोळीसारखी भाषा बोलणाऱ्या सगळ्यांना लागू झाले. असे अन्यत्रही घडते. ‘अलेमानी’ या एका टोळीसंघावरून फ्रेंच लोक सगळ्या जर्मनांना ओळखतात, आणि अरबीतही जर्मनी ‘अलमानिया’ होते.

येथपर्यंत ध्वनिनियम सोबतीला आहेत. अडचण यापुढे सुरू होते. पुनर्रचनेत रूपाला नियमांचे बंधन असते, अर्थाला असा कोणताही नियम नसतो. चार वंशज भाषांत शब्दाचे चार अर्थ असतील तर मूळचा अर्थ कोणता, हे ठरवण्याची यांत्रिक रीत अस्तित्वात नाही. अशा वेळी अनेक कोश एक सोयीचा मार्ग धरतात : सगळ्या अर्थांना सामावून घेईल असा सैल, व्यापक अर्थ शोधायचा आणि तो मुळाशी बसवायचा. ब्रिटनमध्ये ‘वेल्श’ म्हणजे ब्रिटनचा केल्ट, जर्मनीत फ्रेंच किंवा इटालियन, पोलंडमध्ये त्याच मुळाचा शब्द इटालियनांसाठी, बाल्कनमध्ये रुमानियन भाषकांसाठी. या सर्वांना समान काय? सर्वच ‘परके’. मग लिहून टाका ‘परका, परदेशी’. हा लसावि काढण्याचा प्रकार झाला. गणितात तो चालतो, पण शब्दांच्या इतिहासात तसे घडतेच असे नाही. तारकेचा कडक कस रूपाला लागतो, आणि तिच्या पुण्याईवर शेजारच्या रकान्यातला अर्थही सिद्ध झाल्यासारखा वाचला जातो.

‘परका’ या अर्थाच्या विरुद्ध सर्वांत वजनदार पुरावा असा की, त्या अर्थाचे शब्द जर्मानिक भाषांपाशी आधीच होते. ‘अल्य-’ म्हणजे ‘दुसरा’ (लॅटिन ‘अलिउस’चा भाऊबंद) आणि ‘लंड’ म्हणजे भूमी, यांच्या संयोगाने ‘दुसऱ्या देशाचा’ या अर्थाचे विशेषण तयार झाले होते. जुन्या उच्च जर्मनमधील त्याचे रूप ‘एलिलेंटी’. जुन्या इंग्रजीत ‘एलथेओदिग्’, म्हणजे ‘दुसऱ्या लोकसमूहाचा’, हा शब्द परदेशी माणसासाठी सर्रास वापरला जाई. शिवाय प्रत्येक शेजाऱ्याला वेगळे नाव होते : स्लाव लोकांना ‘वेंड’, उत्तरेकडच्यांना ‘फिन’. मध्य युरोपात घुसलेल्या हूणांना किंवा पूर्वेकडच्या स्लावांना जर्मानिक लोकांनी ‘वल्ह’ म्हटल्याचे दिसत नाही. जो शब्द खरोखर ‘परका’ या अर्थाचा असतो तो सर्व परक्यांना लागतो. हा लागत नाही.

त्या ‘एलिलेंटी’चे पुढे काय झाले हे पाहणेही उद्बोधक आहे. त्यापासून आजचा जर्मन शब्द ‘एलेंड’ बनला आणि त्याचा अर्थ आहे हलाखी, दैन्य. घर सुटलेला तो दीनवाणा, अशी ही वाट. उर्दू-मराठीच्या अध्यापकाला ही वाट ओळखीची वाटेल. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे परका, अनोळखी, घरापासून दूर असलेला. उर्दूने ‘ग़रीब-उल-वतन’सारख्या संयोगात तो अर्थ जपला, पण एकट्या ‘ग़रीब’चा अर्थ उर्दूतही आणि मराठीतही ‘निर्धन’ असा झाला. मराठी ‘गरीब’च्या आजच्या अर्थावरून कोणी अरबी मुळाचा अर्थ ‘निर्धन’ असा पुनर्रचित केला तर तो चुकेल. ‘वेल्श’च्या बाबतीत दिशा उलटी आहे, एवढेच.

मग ‘वल्ह’ कोण? उपलब्ध दाखले एकाच दिशेने बोट दाखवतात. नवव्या शतकाच्या आरंभीची एक लॅटिन-बव्हेरियन शब्दयादी जर्मनीतील कासेल येथील हस्तलिखितात टिकून राहिली आहे. प्रवाशाला उपयोगी पडतील असे शब्द आणि वाक्ये तिच्यात आहेत. रोमन लोक मूर्ख आणि बव्हेरियन शहाणे, असे एक खोडसाळ वाक्यही लिहिणाऱ्याने घुसडले आहे, आणि तेथे लॅटिनमधील ‘रोमानी’साठी बव्हेरियन बोलीत ‘वल्हा’ हा शब्द योजला आहे. शेरा अपमानकारक आहे खरा, पण अपमान वाक्यात आहे. ‘वल्हा’ हे त्यात फक्त नाव आहे, तेही एका नेमक्या समूहाचे : रोमन परंपरेतील, लॅटिनोद्भव बोली बोलणारे लोक. नॉर्स साहित्यात ‘वल्लंड’ म्हणजे गॉल, फ्रान्स. अक्रोडाचे उदाहरण तर घरातलेच म्हणावे लागेल. इंग्रजी ‘वॉलनट’, जर्मन ‘वालनुस’ यांतील पहिला भाग हाच. कोशांत याचा उलगडा ‘परके फळ’ असा दिलेला आढळतो. परंतु लॅटिनमध्येही या फळाला ‘गॉलचे फळ’ असे नाव होते. जर्मानिक शब्द त्याचाच प्रतिध्वनी आहे. फळ परके होते म्हणून नव्हे, तर ते गॉल-रोमनांच्या मुलखातून येत होते म्हणून त्याला हे नाव मिळाले.

या शब्दाचा नेमका अर्थ आग्रहाने मांडणाऱ्यांत एक नाव साहित्यवाचकांना अनपेक्षित वाटेल. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी भाषा-साहित्याचे प्राध्यापक होते. 21 ऑक्टोबर 1955 रोजी, म्हणजे त्या कादंबरीचा तिसरा खंड प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी ‘इंग्लिश अँड वेल्श’ हे ओ’डॉनेल व्याख्यान दिले. ते 1963 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हा शब्द सरसकट परक्यांसाठी नव्हता. तो केल्टिक किंवा लॅटिन बोलणाऱ्यांसाठी होता, आणि त्याचा गाभा वंशाचा नसून भाषेचा होता. या दोन भाषासमूहांना एकाच नावाने ओळखण्यात जर्मानिक लोकांचे निरीक्षणही दिसते, कारण गॉलमध्ये आणि ब्रिटनमध्ये त्यांना ते दोन्ही समूह एकाच साम्राज्यात, एकमेकांत मिसळलेले भेटले. व्याख्यानाचे हे मर्म आज सत्तर वर्षांनंतरही टिकून आहे. कोशांनी त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

तथापि टोल्किन यांचे पारडे भाषेकडे जास्त झुकले आहे, असेही म्हणता येईल. भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला शब्द भाषावाचक असणे सुखाचे वाटते. वेसेक्सचा राजा इने याच्या कायद्यांत मात्र हाच शब्द माणसाची किंमत ठरवतो. सातव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या या कायद्यांत मनुष्यवधाबद्दल द्यावयाच्या भरपाईचे, म्हणजे उर्दूत ज्याला ‘ख़ूँबहा’ म्हणतात त्याचे, दर दिलेले आहेत. स्वतंत्र इंग्रज शेतकऱ्याचा दर 200 शिलिंग. कर भरणाऱ्या वेल्शाचा 120 आणि त्याच्या मुलाचा 100. एक हाइड जमीन (सुमारे एका कुटुंबाच्या निर्वाहापुरती) बाळगणारा वेल्श 120 शिलिंगांचा, अर्धा हाइडवाला 80 चा, भूमिहीन 60 चा. एकाच राज्यात, एकाच राजाचे प्रजाजन असताना, भाषेवरून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा जीव स्वस्त लेखला गेला. शब्द भाषावाचक होता हे मान्य केले तरी या दरपत्रकाला बाजूला सारता येत नाही.

पण दरपत्रक नीट वाचले तर ते ‘वेल्श म्हणजे गुलाम’ हे समीकरणही मोडते. पाच हाइड जमीन असलेल्या वेल्शाला 600 शिलिंगांचा दर्जा आहे, म्हणजे साध्या इंग्रज शेतकऱ्याच्या तिप्पट. राजाचे निरोप पोचवणारा वेल्श घोडेस्वार थेट 200 शिलिंगांचा, इंग्रजाच्या बरोबरीचा. जमीनदार वेल्श, राजसेवक वेल्श आणि गुलाम वेल्श असे सगळे थर कायद्याला ठाऊक आहेत. शब्दाचाच अर्थ गुलाम असता तर ‘गुलाम वेल्श’ असे वेगळे कलम लिहिण्याचे कारण नव्हते. एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. इनेचे कायदे स्वतंत्रपणे टिकलेले नाहीत. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडने आपल्या कायद्यांना ते पुरवणी म्हणून जोडले, म्हणून ते वाचायला मिळतात.

नावांचा पुरावाही याच बाजूचा आहे. सातव्या शतकातील वेसेक्सच्या एका राजाचे नाव ‘केनवल्ह’ होते आणि ससेक्सच्या राजाचे ‘एथेलवेआल्ह’. या दोन्ही नावांचा उत्तरार्ध हाच शब्द आहे. कोणताही राजा आपल्या मुलाचे नाव ‘उमदा गुलाम’ असे ठेवणार नाही. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात डेन राजाची राणी ‘वेआल्हथेओव’ या नावाची आहे. त्याची ‘परकी दासी’ अशी फोड करून तिच्या पूर्वायुष्याविषयी तर्क लढवले गेले. काव्यात मात्र ती राजसभेत मानाने पेला फिरवणारी गृहस्वामिनी आहे. कोशातला अर्थ पात्रावर लादला की काय होते, याचा हा नमुना.

गुलाम हा अर्थ पुढे आलाच, हे खरे. जुन्या इंग्रजीच्या उत्तरकालीन लेखनात ‘वेआल्ह’ म्हणजे दास आणि त्याच मुळाचा ‘विल्न’ हा शब्द दासीसाठी आढळतो. वेसेक्सच्या पश्चिम सरहद्दीवर पकडलेले दास बहुतांशी ब्रिटन असत. त्यामुळे समूहाचे नाव दर्जाचे नाव बनले. इंग्रजीतला गुलामासाठीचा आजचा शब्दही ‘स्लाव’ या लोकनामापासून आला आहे. परंतु म्हणून कोणी स्लाव या नावाचा मूळ अर्थ गुलाम असा देत नाही. ‘वेल्श’च्या बाबतीत तेवढे तारतम्य का दाखवले जात नाही, हे कोडेच आहे.

जर्मन भाषेत शब्दाचा प्रवास वेगळा झाला. तेथे ‘वेल्श’ म्हणजे फ्रेंच आणि विशेषतः इटालियन. न समजणाऱ्या गडबड भाषेला जर्मनमध्ये ‘काउडरवेल्श’ म्हणतात. चोर-भटक्यांच्या सांकेतिक बोलीला ‘रोटवेल्श’. एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सविरोधी राष्ट्रवादी लेखनात ‘वेल्श’ची सरळ शिवी झाली, आणि दक्षिण तिरोलमध्ये जर्मन भाषकांच्या तोंडी इटालियनांसाठी तिचे बोलीरूप अजूनही टोचणारे आहे. डोंगराच्या पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये मात्र फ्रेंचभाषक प्रदेशाला जर्मनभाषक सहजपणे ‘वेल्शलंड’ म्हणतात. तरुण मुलामुलींनी तेथे वर्षभर राहून फ्रेंच शिकून यावे, अशी पद्धत होती आणि त्या वर्षालाही हेच नाव होते. शब्द तोच, भाषा तीच. एके ठिकाणी टोमणा तर दुसरीकडे शिक्षणाची पायरी. फरक शब्दाच्या मुळात नाही, दोन भाषक समूहांच्या नांदण्यात आहे.

फ्रान्समधील कथा सर्वांत गमतीची. फ्रेंच शाळांतून पिढ्यानपिढ्या ‘आपले पूर्वज गॉल’ असे शिकवले गेले, आणि 1959 पासून ॲस्टेरिक्सच्या चित्रकथांनी तो अभिमान जगभर पोचवला. परंतु ‘गोल’ हे देशाचे फ्रेंच नाव, दिसते तसे, लॅटिन ‘गालिया’पासून आलेले नाही. फ्रेंचमध्ये लॅटिन शब्दाच्या आरंभीचा ‘गा’ टिकत नाही, त्याचा ‘ज’ होतो. ‘गांबा’ (पाय) या शब्दाचे ‘जांब’ झाले. याउलट जर्मानिक ‘व’चा फ्रेंचमध्ये ‘ग’ होतो. युद्धवाचक ‘वेरा’चे ‘गेर’ झाले ते तसेच. आणि फ्रँकिश ‘सल्हा’ (वाळुंज) या शब्दाचे ‘सोल’ झाले त्याच नियमाने ‘वल्हा’चे ‘गोल’. ही व्युत्पत्ती आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. म्हणजे ज्या नावाने फ्रेंच राष्ट्राने आपले मूळपण मिरवले ते नाव जिंकून आलेल्या फ्रँकांनी दिलेले. ‘वल्ह’चा अर्थ ‘परका’ असा धरला तर फ्रेंच मुले शतकभर ‘आपले पूर्वज परके’ असे घोकत होती म्हणायचे!

जर्मानिक भाषांकडून हा शब्द स्लाव भाषांनी घेतला आणि तो युरोपभर पांगला. पोलिश भाषेत इटलीचे अधिकृत नावच या मुळाचे, ‘व्वोखी’, आणि त्यात कसलाही डंख नाही. हंगेरियनने दोन वेळा उसनवारी केली : ‘ओलास’ म्हणजे इटालियन आणि ‘ओलाह’ म्हणजे रुमानियन. दुसरा शब्द पुढे रुमानियनांना अपमानास्पद वाटू लागला आणि मागे पडला. ग्रीकमध्ये ‘व्लाखोस’ला मेंढपाळ, गावंढळ असा वास आला. उस्मानी तुर्कांनी डॅन्यूबच्या उत्तरेकडील वालाखियाला ‘एफ्लाक’ म्हटले. अलिफ, फ़े, लाम, अलिफ, क़ाफ अशी त्याची जुनी लिखावट. जोडाक्षराने सुरू होणारा शब्द तुर्की जिभेला जड, म्हणून पुढे स्वर आला. ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ करणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. खुद्द वालाखियाचे लोक आपल्या देशाला रुमानियन देश म्हणत आणि 1859 च्या एकीकरणानंतर ‘रोमानिया’ हेच नाव राष्ट्राने घेतले. म्हणजे आतून ‘रोमन’ आणि बाहेरून ‘व्लाह’. कासेलच्या शब्दयादीतली जोडी हजार वर्षांनी, हजार मैलांवर पुन्हा भेटते. हा योगायोग नव्हे. मूळ अर्थ नेमका असल्याची ही साक्ष आहे. ‘परका’ या व्यापक अर्थाने शब्द निघाला असता, तर तो लॅटिनोद्भव भाषा बोलणाऱ्यांनाच इतक्या अचूकपणे वारंवार कसा सापडला असता?

बाहेरून मिळालेले नाव आपलेसे करण्याची उदाहरणेही आहेत. बेल्जियममधील फ्रेंचभाषक दक्षिण भागासाठी 1844 मध्ये ग्रांगान्याज यांनी ‘वालोनी’ हे नाव पुढे आणले. तेही याच कुळातले. आज तेथील प्रादेशिक शासन या नावाने चालते. अरबांनी अस्पष्ट बोलणाऱ्यांसाठी योजलेला आणि पुढे विशेषतः इराणींना लागलेला ‘अजम’ हा शब्द आठवावा : इक्बाल यांनी 1927 मध्ये आपल्या फार्सी काव्यसंग्रहाचे नाव ‘ज़बूर-ए-अजम’ ठेवले, तेव्हा त्यात न्यूनता उरली नव्हती.

मराठीच्या अध्यापकाला या सगळ्यात ‘यवन’ शब्दाची चाहूल लागल्याशिवाय राहणार नाही. आयोनियाचे ग्रीक ते जुन्या फार्सीत ‘यौन’, अशोकाच्या लेखांत ‘योन’, संस्कृतात ‘यवन’. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील यवन दात्यांचे लेख आहेत. खांब दान देणाऱ्यांनी हे बिरुद स्वतःच्या ओळखीसाठी कोरून घेतले. बखरींच्या काळापर्यंत तोच शब्द मुसलमानांसाठी, आणि बहुधा वैरभावाने, येऊ लागला. मराठी कोशात ‘ग्रीक, परकीय, मुसलमान’ असे तीन अर्थ एका ओळीत, काळाचा उल्लेख न करता दिले की विद्यार्थी मधला अर्थ मूळ समजतो आणि बाकीचे दोन त्याची उदाहरणे. ‘वेल्श’च्या बाबतीत नेमके हेच झाले. अर्थांची यादी देणे सोपे. अर्थांचा क्रम, आणि प्रत्येक बदलामागची कोणी कोणावर सत्ता चालवली याची हकिकत देणे कठीण.

वेल्समध्ये हा केवळ विद्वानांचा विषय राहिलेला नाही. तेथील लोकांचे स्वतःचे नाव ‘कम्री’. त्याची जुनी घडण ‘एकाच मुलखातले, देशबांधव’ अशा अर्थाची. 2020 पासून तेथील विधिमंडळ ‘सेनेद कम्री’ या नावानेही ओळखले जाते आणि 2023 मध्ये ब्रेकन बीकन्स राष्ट्रीय उद्यानाने आपले वेल्श नाव पुढे केले. ‘वेल्स’ हे नावच टाकून द्यावे, असा आग्रह धरणारेही आहेत. लोकांनी आपल्याला काय म्हणवून घ्यावे हा त्यांचा अधिकार आहे आणि त्यासाठी व्युत्पत्तीच्या परवानगीची गरज नाही. आक्षेप आहे तो एका युक्तिवादाला : ‘वेल्स म्हणजे परक्यांचा मुलूख, म्हणून ते नाव नको.’ इंग्रजी सत्तेखाली वेल्श भाषेची जी गळचेपी झाली तिचा पुरावा सोळाव्या शतकातल्या कायद्यांत आणि एकोणिसाव्या शतकातल्या शाळांत भरपूर आहे. तो सोडून डळमळीत शब्दार्थावर भिस्त ठेवली, तर विरोधकाला उत्तर देणे फार सोपे जाते.

या मुळाचा एक जुना इंग्रजी शब्द कोशांच्या प्रस्तावनांत क्वचितच भेटतो. तो म्हणजे ‘वेआल्हस्तोद’. त्याचा अर्थ दुभाषा, अनुवादक. उत्तरार्धाची फोड अनिश्चित आहे, पण पूर्वार्धातला ‘वेआल्ह’ परका नव्हे, गुलामही नव्हे. तो दुसरी भाषा बोलणारा आहे. राजा आल्फ्रेडने लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणण्याची योजना मांडली तेव्हा पूर्वीच्या विद्वान अनुवादकांसाठी त्याने हाच शब्द वापरला. आणि त्याआधी, 731 मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात बीडने इंग्लंडच्या तत्कालीन बिशपांची यादी दिली आहे. तीत सेव्हर्न नदीच्या पश्चिमेला, म्हणजे वेल्शांच्या अगदी लगत राहणाऱ्या लोकांचा जो बिशप नोंदवला आहे, त्याचे नाव ‘वल्हस्तोद’ आहे.